अंदमानला जाताना बॅगेत काय असावे?

डिसेंबर २०१६ च्या पूर्वार्धात अंदमानातील हॅवलॉक आणि नील या दोन बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले होते. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या क्षेत्राचे रूपांतर पुढे ‘वरदा’ या चक्रीवादळात झाले. त्याआधीच वारा आणि लाटांमुळे पोर्ट ब्लेअरशी जोडणाऱ्या बोटी बंद पडल्या होत्या. नौदल, तटरक्षक दल आणि हवाई दल यांना पाचारण करून या पर्यटकांची सुटका करण्यात आली. दोन दिवसांसाठी बेटावर गेलेल्या माणसाच्या बॅगेत साधारणतः दोन दिवसांचे कपडे आणि दोन दिवसांच्याच गोळ्या असतात. कपड्यांवाचून फारसे अडत नाही. रक्तदाबाच्या गोळीवाचून मात्र अडते.

ते वादळ मोठे होते म्हणून त्याची बातमी झाली. एरवीही समुद्र खवळला की एखाद्या दिवसाच्या फेऱ्या रद्द होणे ही अंदमानात नवलाची गोष्ट नाही. आठशेहून अधिक लहानमोठ्या बेटांच्या या द्वीपसमूहात वस्ती आहे ती जेमतेम तीसेक बेटांवर. चेन्नई किंवा कोलकात्यापासून पोर्ट ब्लेअर समुद्रमार्गे सुमारे बाराशे किलोमीटर दूर आहे. औषधांपासून डिझेलपर्यंत बहुतेक गोष्टी जहाजाने किंवा विमानाने येतात. त्यामुळे पोर्ट ब्लेअरच्या अबर्डीन बाजारात जे सहज मिळते, ते हॅवलॉकच्या बाजारात मिळेलच असे नाही, आणि नीलच्या चार दुकानांत तर त्याची आशाच धरू नये. (पोर्ट ब्लेअरचे अधिकृत नाव सप्टेंबर २०२४ पासून श्रीविजयपुरम असे झाले आहे, तर डिसेंबर २०१८ पासून हॅवलॉक हे स्वराज द्वीप आणि नील हे शहीद द्वीप म्हणून ओळखले जाते. बोलण्यात जुनी नावे आणि कागदोपत्री नवी, अशी स्थिती असल्याने आरक्षण करताना दोन्ही लक्षात ठेवलेली बरी.)

सहलीपूर्वी हाती येणाऱ्या छापील याद्यांमध्ये टोपी, गॉगल, टूथब्रश आणि मधुमेहाचे औषध एकाच ओळीत बसलेले असते. या याद्यांचा दोष हाच, की त्यात महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचे यांत फरक केलेला नसतो. बेटावरच्या सुट्टीसाठी बॅग भरताना पहिला प्रश्न ‘कोणते कपडे घ्यावेत?’ हा नसून ‘उद्या बोट आली नाही तर आपले कशावाचून अडेल?’ हा असावयास हवा. त्याचे उत्तर मिळाले की बाकीची बॅग आपोआप हलकी होते.

आधी दिनदर्शिका, मग बॅग

नोव्हेंबर ते एप्रिल हा अंदमानच्या पर्यटनाचा मुख्य हंगाम मानला जातो. तथापि महाराष्ट्रातील शाळांच्या सुट्ट्या या हंगामाशी नेमक्या जुळत नाहीत, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘मॉन्सून अंदमानात दाखल’ ही बातमी मराठी वाचक दरवर्षी मोठ्या आशेने वाचतो. आपल्याकडे विहिरी तळ गाठत असतात आणि पावसाची वर्दी देणारी ती पहिली खूण असते. त्याच दिवशी हॅवलॉकच्या किनाऱ्यावर सुट्टी घालवीत असलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने त्या बातमीचा अर्थ अगदी वेगळा असतो. २८ मे रोजी येणाऱ्या सावरकर जयंतीला सेल्युलर जेलमधील कोठडीचे दर्शन घ्यावे, असा बेत आखणाऱ्यांनी तर पाऊस गृहीत धरूनच निघावे.

दिवाळीच्या सुट्टीचेही तसेच. ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा आणि बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा काळ असतो. अंदमानला दोन्ही पाऊस भेटतात आणि वर्षभरात मिळून सुमारे तीन हजार मिलिमीटर पडतो. निर्धोक म्हणावा असा काळ जानेवारी ते एप्रिलचाच, आणि त्यातही एखादी सर येऊन जातेच. त्यामुळे महिना कोणताही असला तरी पावसाळी अंगरखा, म्हणजे आपला रेनकोट, बॅगेत हवा. छत्री सेल्युलर जेलच्या आवारात उन्हापासून बचाव करावयास ठीक आहे. बोटीच्या डेकवर किंवा समुद्राच्या वाऱ्यात ती उलटी होण्याखेरीज काही करीत नाही.

सामानाचे वजन हा दुसरा हिशेब. देशांतर्गत विमानप्रवासात बहुतेक कंपन्या साध्या तिकिटावर १५ किलोपर्यंत सामान आणि ७ किलोपर्यंत हातसामान विनाशुल्क नेऊ देतात. अंदमानात ही बॅग विमानातून टॅक्सीत, टॅक्सीतून धक्क्यावर, धक्क्यावरून बोटीत आणि पुन्हा उलट क्रमाने चढवावी-उतरवावी लागते. ओहोटीच्या वेळी बोट धक्क्याच्या बरीच खाली असते आणि अरुंद फळीवरून जावे लागते. चाकांची भलीमोठी कडक सूटकेस तेथे ओझेच ठरते. मध्यम आकाराच्या दोन मऊ बॅगा एका मोठ्या बॅगेपेक्षा केव्हाही सोयीच्या. काही बोटींत सामान उघड्यावर रचले जाते आणि त्यावर लाटांचे तुषार उडतात. म्हणून आतील कपडे आधी एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मग बॅगेत ठेवावेत. ही पिशवी परतताना ओल्या कपड्यांसाठी उपयोगी पडते.

हातातली पिशवी

या सर्व सामानात खरी महत्त्वाची ती एक लहान पिशवी. ती विमानात सोबत न्यावयाची, बोटीत मांडीवर ठेवावयाची आणि रात्री उशाशी. मुंबई-पुण्याहून निघणारे अनेक प्रवासी चेन्नई, कोलकाता किंवा बंगळूर येथे विमान बदलतात. या बदलात बॅग मागे राहिली तर ती दुसऱ्या दिवशी पोर्ट ब्लेअरला पोहोचते, आणि तोवर प्रवासी बोटीने हॅवलॉकला गेलेला असतो. बॅगेला मालकापर्यंत पोहोचण्यासाठी मग आणखी एक बोट धरावी लागते. तेव्हा एक जोड कपडे, एक अंतर्वस्त्रांचा जोड आणि सर्व औषधे या लहान पिशवीतच असावीत.

औषधांचा हिशेब सहलीच्या दिवसांवर न करता त्यात किमान चार दिवस जादा धरावेत. रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड, हृदयविकार, दमा, फीट येणे या तक्रारींवरील औषधे एक दिवसही चुकवून चालत नाहीत. ज्येष्ठ नागरिकांचे गट मोठ्या संख्येने अंदमानला जातात, हे ध्यानात घेता ही बाब किरकोळ नाही. हॅवलॉक येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, परंतु गंभीर रुग्णास पोर्ट ब्लेअरच्या जी. बी. पंत रुग्णालयातच हलवावे लागते, आणि समुद्र खवळलेला असेल तर तेही सोपे राहत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद सोबत ठेवावाच. त्यावर औषधाच्या व्यापारी नावाबरोबर मूळ घटकाचे नावही लिहून घ्यावे. पुण्यात मिळणारा ब्रँड तेथील दुकानात नसेल, पण तोच घटक असलेली दुसऱ्या कंपनीची गोळी असू शकेल.

इन्सुलिन घेणाऱ्यांची अडचण निराळी. इन्सुलिन विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात टाकू नये. तेथे ते थंडीने गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी भरवशाचे राहत नाही. बर्फाच्या पिशवीला थेट चिकटून ठेवल्यासही तोच धोका असतो. वापरात असलेली कुपी किंवा पेन साधारणतः तीस अंशांखालील तापमानात सुमारे चार आठवडे टिकते. नेमकी मुदत त्या त्या औषधाच्या वेष्टनावर पाहावी. आपल्याकडे विजेची सोय नसेल तेथे मातीच्या ओल्या मडक्यात इन्सुलिन ठेवण्याची पद्धत आहे आणि देशावरच्या कोरड्या हवेत ती उत्तम चालते. पाणी हवेत उडून जाताना उष्णता शोषते, हे त्यामागचे तत्त्व. अंदमानच्या हवेत मुळातच बाष्प इतके असते की पाणी उडतच नाही, आणि मडके फारसे गार होत नाही. पाण्यात भिजवून वापरावयाच्या थंड पिशव्यांचीही तेथे तीच गत. त्यामुळे खोलीत फ्रीज आहे काय, हे हॉटेलचे आरक्षण करतानाच विचारून घ्यावे आणि प्रवासात चांगल्या बंद थर्मासचा आधार घ्यावा.

याच पिशवीत जलसंजीवनीची पाकिटे, ताप व अंगदुखीच्या गोळ्या, जंतुनाशक मलम, चिकटपट्ट्या आणि अंगावर पित्त उठल्यास घ्यावयाची गोळी असावी. चष्मा लावणाऱ्यांनी जादा जोडी विसरू नये. लाटेने एकदा नाकावरचा चष्मा नेला की तो परत येत नाही, आणि त्याच नंबरचा नवा चष्मा बेटावर एका दिवसात मिळण्याची शक्यता नाही.

कागदपत्रांत आधार कार्ड किंवा तत्सम मूळ ओळखपत्र प्रत्येकाचे हवे, मुलांचेही. विमान, बोट, हॉटेल आणि बाराटांगला जाणाऱ्या वाहनांचा ताफा या सर्व ठिकाणी ते मागितले जाते. झेरॉक्स प्रतींचा एक संच वेगळ्या बॅगेत ठेवावा. परदेशी नागरिकत्व घेतलेले मुलगा-सून सोबत येणार असतील तर त्यांनी पासपोर्ट जवळ बाळगावा. त्यांच्यासाठीचे नियम भारतीय नागरिकांहून वेगळे आहेत.

पैशांबाबत अलीकडे गाफीलपणा वाढला आहे. चेन्नईहून अंदमानपर्यंत समुद्रतळातून टाकलेल्या सुमारे २३०० किलोमीटर लांबीच्या केबलचे ऑगस्ट २०२० मध्ये उद्घाटन झाले आणि इंटरनेटची स्थिती पुष्कळच सुधारली. त्यापूर्वी सारा भार उपग्रहावर असे. तरीही किनाऱ्यांवर आणि बेटांच्या अंतर्भागात मोबाइलची रेंज मध्येच जाते, वीज जाते आणि पैसे देण्याचे यंत्र मुके होते. लहान बेटांवर एटीएम अगदी मोजकी आहेत. शहाळेवाल्याला आणि रिक्षावाल्याला देण्यासाठी शंभर-पन्नासच्या नोटा पोर्ट ब्लेअरलाच जमवाव्यात. हॉटेल आणि बोटीची आरक्षणे कागदावर छापून घ्यावीत. मोबाइल बंद पडल्यावर त्यातील तिकीट धक्क्यावरच्या शिपायाला दाखविता येत नाही.

पंचा बरा की टॉवेल?

कपड्यांच्या बाबतीत मराठी माणसाचा ‘सुती कपडे उत्तम’ हा अनुभव अंदमानात अर्धाच खरा ठरतो. तापमान वर्षभर साधारणतः २३ ते ३१ अंशांच्या दरम्यान असते, म्हणजे विदर्भाच्या उन्हाळ्यापुढे काहीच नाही. त्रास होतो तो दमटपणाचा. सैल सुती कपडा अंगावर सुखाचा वाटतो, परंतु एकदा भिजला की दुसऱ्या सकाळपर्यंत वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी त्याला कुबट वास येऊ लागतो. त्यामुळे संध्याकाळी घालण्यासाठी सुती आणि समुद्रावर, बोटीवर, भटकंतीत घालण्यासाठी लवकर वाळणारे पातळ कृत्रिम धाग्याचे, अशी विभागणी करावी. जीन्स एकही नको. ती जड असते, भिजल्यावर अधिक जड होते आणि दोन दिवस वाळत नाही.

टर्किश टॉवेलचीही तीच कथा. तो बॅगेतील तिसरा हिस्सा व्यापतो आणि ओला झाला की ओलाच राहतो. आपल्याकडील साधा पंचा येथे सर्वांत गुणी ठरतो. अंग पुसता येते, डोक्याला बांधता येतो, वाळूवर अंथरता येतो आणि वाऱ्यावर अर्ध्या तासात वाळतो. माणशी दोन पंचे, कपडे वाळत घालण्यासाठी चार-पाच मीटर नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे एवढ्यात हा प्रश्न मिटतो. एखादी पातळ चादर किंवा शाल मात्र असू द्यावी. बाहेर घाम येत असला तरी जलद बोटींतील वातानुकूलित कक्षात दीड तास बसल्यावर वृद्धांना आणि लहान मुलांना हुडहुडी भरते.

पाण्यात उतरण्याच्या पोशाखाविषयी मराठी कुटुंबांत, विशेषतः स्त्रियांमध्ये, अजूनही संकोच असतो. साडी किंवा ओढणीसह पंजाबी ड्रेस अशा वेषात पाण्यात जाणे केवळ गैरसोयीचे नाही, तर धोक्याचे आहे. पाण्याने भरलेले कापड पायांत गुंतते आणि लाटेच्या ओढीत उभे राहणे कठीण करते. पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंत येणारा पोहण्याचा पोशाख आता मुंबई-पुण्याच्या खेळसाहित्याच्या दुकानांत मिळतो. तो घरूनच घेऊन जावा.

या पूर्ण बाह्यांच्या पोशाखाचा आणखी एक फायदा आहे. पाण्यात तोंड घालून प्रवाळ पाहताना पाठ तासभर उन्हात उघडी राहते, पाणी गार असल्याने भाजल्याचे जाणवत नाही, आणि रात्री मात्र पाठ टेकवत नाही. अंगभर कपडा असला की उन्हाचे मलम चेहरा, मान आणि हातापायांपुरतेच लागते. हे मलम निवडतानाही थोडे डोळस असावे. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही मलमांतील रसायने प्रवाळांना अपायकारक असल्याच्या कारणावरून हवाई राज्याने २०२१ च्या आरंभापासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. अंदमानचे प्रवाळ २०१० मध्ये समुद्राचे पाणी तापल्याने मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते, त्यांच्यावर आणखी भार नको. झिंक ऑक्साइड असलेले मलम वेष्टन वाचून घेता येते.

वाळूतले चावे आणि पाचचा सूर्यास्त

अंदमानच्या घड्याळाची एक गंमत आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्तावर बेतलेली आहे. अंदमान त्याच्या पूर्वेस सुमारे दहा अंशांवर, तर मुंबई पश्चिमेस तेवढीच दूर आहे. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तर पोर्ट ब्लेअरला पाचलाच. हॅवलॉकच्या पश्चिम किनाऱ्यावरील राधानगरचा सूर्यास्त पाहावयास सारेच जातात आणि तो संपला की काही मिनिटांत काळोख दाटतो. वीजनिर्मिती मुख्यतः डिझेलवर असल्याने रस्त्यावर दिवे असतीलच असे नाही. म्हणून माणशी एक नसला तरी कुटुंबाला एक चांगला टॉर्च हवाच. मोबाइलच्या उजेडावर विसंबल्यास नेमकी त्याच वेळी त्याची बॅटरी संपलेली असते.

याच कातरवेळी वाळूतील बारीक चिलटे, ज्यांना तेथे सँडफ्लाय म्हणतात, चावावयास सुरुवात करतात. चावताना कळत नाही. दुसऱ्या दिवशी पोटऱ्यांवर खाजरे लाल फोड उठतात आणि खाजविल्याने ते चिघळतात. डास पळविणारे मलम घरूनच न्यावे आणि संध्याकाळी पाय झाकणारी सैल विजार घालावी.

पायात काय, हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. रबरी सपाता वाळूवर ठीक, पण नीलवरील नैसर्गिक खडक-कमान पाहावयास ओहोटीच्या वेळी जो निसरडा, टोकदार प्रवाळ-खडक तुडवावा लागतो, त्यावर त्या हमखास दगा देतात. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांकडे जातानाही खारफुटीतील बोटप्रवासानंतर बरेच अंतर चालावे लागते आणि वाट पावसानंतर चिखलाची होते. टाचेला पट्टा असलेल्या, भिजल्या तरी चालतील अशा सँडल्स सर्वांत उपयोगी. नव्या असतील तर निघण्यापूर्वी आठवडाभर घरी वापराव्यात. प्रवाळाने झालेली जखम लहान दिसली तरी लवकर दूषित होते. ती गोड्या पाण्याने लगेच स्वच्छ धुऊन औषध लावावे.

समुद्राखाली श्वासयंत्र लावून उतरण्याची हौस असणाऱ्यांना आधी आरोग्यविषयक अर्ज भरून द्यावा लागतो. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया यांचा इतिहास असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांचा लेखी सल्ला सोबत न्यावा. किनाऱ्यावर उभे राहून खोटे उत्तर लिहिण्याचा मोह धोक्याचा आहे. अशा बुडीनंतर काही तास विमानात बसणे वर्ज्य असते, एकाहून अधिक बुड्या घेतल्यास किमान अठरा तास. तेव्हा ही हौस शेवटच्या दिवसावर ठेवू नये.

ज्यांना घाटात गाडी लागते, त्यांना बोट लागण्याची शक्यता बरीच. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक हे अंतर खासगी जलद बोट दीड तासाच्या आसपास, तर सरकारी बोट अडीच तासांच्या आसपास कापते. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून ठरवावी आणि बोट सुटण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी. पोटात ढवळू लागल्यावर घेतलेली गोळी बहुधा समुद्रातच जाते. सोबत आलेपाक, काही कागदी पिशव्या आणि मधल्या भागातील आसन. उपाशी राहणे किंवा तुडुंब खाणे, दोन्ही टाळावे.

काय नेऊ नये

खाण्याच्या पदार्थांशिवाय मराठी कुटुंबाची बॅग बंद होत नाही, आणि त्यात गैर काही नाही. अडकून पडण्याचा प्रसंग आला तर डब्यातील राजगिऱ्याचे लाडू आणि खाकरे उपयोगीच पडतील. मात्र तेथील हवेत चिवडा पाकीट फोडल्यापासून काही तासांत सादळतो आणि दशम्यांना दोन दिवसांत बुरशी दिसू लागते. एकदाच फोडून संपतील अशी लहान पाकिटे करावीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या अजिबात घेऊ नयेत. तेलाचा अंश जास्त असल्याने सुके खोबरे आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानातील धोकादायक वस्तूंत त्याची गणना होते. प्रसादाचे खोबरे तपासणीत काढून टाकावे लागल्याने हळहळणारे प्रवासी विमानतळांवर दिसतात. लोणचे आणि तिखट-मसाल्याच्या पुड्याही हातसामानात अडविल्या जाऊ शकतात. मोबाइलसाठीची पॉवर बँक मात्र नेमकी उलट. ती मोठ्या बॅगेत चालत नाही, हातातच न्यावी लागते.

ड्रोन घरी ठेवावा. हा सारा प्रदेश संरक्षणाच्या दृष्टीने संवेदनशील आहे. पोर्ट ब्लेअरचा वीर सावरकर विमानतळही नौदलाच्या तळाशी संलग्न आहे. परवानगीवाचून उडविलेला ड्रोन जप्तीपुरताच मर्यादित राहील याची खात्री नाही. कॅमेरा नेणाऱ्यांनी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या त्याच्या पिशवीत टाकाव्यात. वातानुकूलित खोलीतून एकदम बाहेर काढल्यास भिंगावर बाष्प जमते. दहा-पंधरा मिनिटे पिशवीतच राहू द्यावा.

आणखी एक गोष्ट काही पर्यटक अजाणतेपणी नेतात आणि ती सर्वांत गंभीर आहे. बाराटांगचा रस्ता जारवा या आदिवासी समाजाच्या राखीव जंगलातून जातो. वाहने ठरावीक वेळी ताफ्याने सोडली जातात, वाटेत थांबण्यास, छायाचित्रे घेण्यास आणि जारवांना काहीही देण्यास कायद्याने मनाई आहे. बिस्किटे, केळी किंवा जुने कपडे ‘त्यांना देऊ’ म्हणून बरोबर घेणे हा दयाळूपणा नव्हे. बाहेरच्या जगातील साध्या आजारांशीही ज्या समाजाचा फारसा संबंध आलेला नाही, त्याला अशा भेटीतून आजार जडू शकतो, आणि फेकलेल्या खाऊची वाट पाहत माणसांनी रस्त्यावर उभे राहावे ही त्यांची विटंबनाही आहे. १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमनानुसार आणि त्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अशा कृत्यांसाठी तुरुंगवासाची तरतूद आहे.

परतताना

येताना जी वस्तू बॅगेत नव्हती आणि परतताना हमखास सापडते ती म्हणजे वाळूत वेचलेला प्रवाळाचा तुकडा. मुलांनी खिशात घातलेला असतो, आई-वडिलांना पत्ताही नसतो. प्रवाळ आणि शंख-शिंपल्यांच्या काही जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. प्रवाळ मेलेला असो वा जिवंत, किनाऱ्यावर पडलेला असो वा तोडलेला, तो नेता येत नाही. विमानतळावर क्ष-किरण यंत्रात तो स्पष्ट दिसतो, बॅग उघडावी लागते आणि मागे रांग खोळंबते. निघण्याच्या आदल्या रात्री मुलांचे खिसे आणि सँडल्सच्या पिशव्या झटकून घेणे एवढाच त्यावरचा उपाय.

परवानाधारक दुकानांत शिंपल्यांच्या ज्या शोभेच्या वस्तू विकल्या जातात, त्या घेण्यास हरकत नाही, परंतु दुकानदाराकडून रीतसर पावती मागून घ्यावी. ही पावती मोठ्या बॅगेच्या तळाशी न जाता औषधांच्या त्या लहान पिशवीतच राहावी. आणि वजनकाट्यावर चढविण्यापूर्वी ओले कपडे शक्य तेवढे वाळवावेत. जाताना चौदा किलो भरलेली बॅग ओल्या कपड्यांनी आणि वाळूने येताना सहज सोळा किलोंची होते.